केशरावाचून केशरी

म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे, म्हणजेच हेग्गडदेवनकोटे, या भागात न्याहारीला मिळणाऱ्या ‘केसरी बात’ या पदार्थाच्या नावाने मराठी माणसाची हटकून फसगत होते. मराठीत केशरी भात म्हणजे तांदळाचा गोड भात. कन्नडातील हा पदार्थ मात्र आपल्या शिऱ्याचा सख्खा भाऊ. त्यात तांदळाचा कण नसतो, आणि बहुधा केशराची काडीही नसते. केशराचा वर्ण जे कृत्रिम रंग पुरवितात, त्यांत टार्ट्राझीन हा पिवळा रंग प्रमुख होय.

१८८४ साली सिद्ध झालेला हा रंग पाण्यात सहज विरघळतो आणि आचेला व उजेडाला दाद देत नाही. हळद उन्हात फिकट होते, खाराने लाल पडते. हलवायाला टार्ट्राझीन सोयीचे वाटावे यात नवल नाही.

मग ते विष आहे काय? तसे म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-समितीने २०१६ साली शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन ग्राह्य मानले. वीस किलो वजनाच्या मुलाला ही मर्यादा २०० मिलिग्रॅम पडते. भारतात ज्या पदार्थांत कृत्रिम रंगांना मुभा आहे, त्यांपैकी बहुतेकांत किलोमागे १०० मिलिग्रॅमच रंग चालतो. म्हणजे त्या मुलाने एका दिवसात दोन किलो मिठाई फस्त केली, तरच मर्यादा गाठली जाईल. परंतु हे गणित तराजूचे आहे. १०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा, आणि आचारी रंग घालतो तो चिमटीने व नजरेने.

शिवाय मुभा सर्व पदार्थांना नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांना बंदी केली, तेव्हा तपासलेल्या नमुन्यांत टार्ट्राझीनही आढळले होते. रंग मान्य, पण जागा अमान्य, असा हा प्रकार. साखरेच्या कापूस-मिठाईत सापडलेल्या ऱ्होडामाईन-बीची गोष्ट निराळी; तो मुळी खाण्याचा रंगच नव्हे. डाळींत व हळदीत भेसळ होणारे मेटॅनिल यलोही त्याच जातीचे. सामान्य बोलण्यात या साऱ्यांना ‘खाण्याचा रंग’ हे एकच नाव मिळते, आणि घोटाळा तेथेच होतो.

काही थोड्या लोकांना टार्ट्राझीन मान्य मात्रेतही सोसत नाही. अंगावर पित्त उठते, क्वचित दमा बळावतो. वेष्टनबंद खाद्यावर कृत्रिम रंगाचा उल्लेख बंधनकारक असल्याने त्यांना तो टाळता येतो. बशीतून समोर येणाऱ्या केसरी बातीबाबत मात्र त्यांना आचाऱ्यालाच विचारावे लागते.