भोपळ्याचा रोट

पावसाळा सरत आला की जिंतूरच्या भाजीबाजारात मोठमोठे लाल भोपळे दिसू लागतात. आपल्या परभणी जिल्ह्यातील अनेक शेतकरी जून-जुलैमध्ये शेताच्या बांधावर किंवा अंगणातल्या उकिरड्याजवळ भोपळ्याच्या चार बिया टोचतात. वेल आपोआप पसरतो. त्याला कोणी फारसे विचारत नाही. साडेतीन-चार महिन्यांनी, शरद ऋतूत, पानांखाली लपलेली फळे पिकून तयार होतात. ऊन सौम्य असते, रात्री गार होऊ लागतात आणि लोकांच्या घरी येणेजाणे वाढते. दसरा, कोजागिरी आणि दिवाळी याच दिवसांत येतात. आपले हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी अलीकडे सरकते. तरी कधी कधी तीही शरद ऋतूत येते. 2022 साली तर ईद-ए-मिलाद आणि कोजागिरी पौर्णिमा एकाच दिवशी, 9 ऑक्टोबरला आल्या होत्या.

अशा दिवसांत दहा-बारा माणसे घरी जमली तर गोड काय करावे? मिठाई महाग पडते. घरात भट्टी नसते. पण एक किलो लाल भोपळा, थोडा रवा आणि गूळ एवढ्यावर एक उत्तम पदार्थ होतो. तो कसा करायचा ते या पाठात पाहू.

त्याआधी नावांचा गोंधळ दूर करू या. मराठीत ‘भोपळा’ म्हटले की दोन भाज्या डोळ्यांपुढे येतात. लांबट आणि फिकट हिरवा असतो तो दुधी भोपळा. गोल, जाड सालीचा आणि आतून नारिंगी असतो तो लाल किंवा तांबडा भोपळा. लाल भोपळ्यालाच कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ, तर कुठे डांगर म्हणतात. उर्दूत ‘कद्दू’ हा एकच शब्द दोघांनाही चालतो. हैदराबादची ‘कद्दू की खीर’ दुधीची असते. लाल भोपळा हवा असेल तर ‘मीठा कद्दू’ म्हणावे लागते. कोहळा हा यांचा तिसरा भाऊ. त्याला उर्दूत ‘पेठा’ म्हणतात आणि आग्र्याची पेठा मिठाई त्याचीच होते. म्हणून बाजारात गेल्यावर नुसते ‘भोपळा द्या’ म्हणू नका. ‘मावशी, लाल भोपळ्याची एक किलोची फोड द्या. बिया आत राहू द्या,’ असे सांगा. बियांचे काय करायचे ते पुढे कळेल.

म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येते आणि वाघाला चकवते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्यामुळे लाल भोपळा अगदी आपल्याच मातीतला वाटतो. खरे पाहता तो मूळचा अमेरिका खंडातला आहे. मेक्सिको देशातील वाहाका प्रांतातल्या एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. इतक्या जुन्या काळी तिथली माणसे भोपळा लावीत होती! 1492 साली कोलंबस अमेरिकेला पोचला आणि त्यानंतर तिकडची पिके जगभर पसरली. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका हे सारे तिकडचेच पाहुणे. आज त्यांच्याशिवाय आपला स्वयंपाक होत नाही.

अमेरिकेत आजही नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभाराचा सण असतो. त्या दिवशी कुटुंबे एकत्र जमतात आणि शिजवून घोटलेला भोपळा, दूध, अंडी, साखर व दालचिनी यांचे सारण मैद्याच्या पारीत भरून भट्टीत भाजतात. तुर्कस्तानात भोपळ्याच्या फोडी साखरेत मुरवून, मंद शिजवून वर अक्रोड घालतात. (जाता जाता सांगायचे तर ‘दालचिनी’ हा मराठी शब्द फारसीतल्या ‘दारचीनी’वरून आला. त्याचा अर्थ चीनचे लाकूड. तुम्हांला तो शिकावा लागणार नाही.)

आपल्याकडे लाल भोपळ्याचे घारगे प्रसिद्ध आहेत. भोपळ्याचा कीस गुळात शिजवून त्यात कणीक मळतात आणि जाडसर पुऱ्या तळतात. घारगे चवदार खरे, पण दहा-बारा माणसांसाठी तळत बसायचे म्हणजे घरातली एक व्यक्ती शेवटपर्यंत चुलीपाशीच अडकते. भाजलेल्या पदार्थाचे तसे नसते. तो एकदा आचेवर ठेवला की आपण मोकळे.

भट्टीशिवाय भाजण्याची युक्ती आपल्या लोकांना जुन्या काळापासून माहीत आहे. कोकणात जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे धोंडस करतात. पातेल्याखाली मंद आच ठेवतात आणि झाकणावर निखारे पसरतात. वरून आणि खालून सारखी उष्णता मिळते. हैदराबादकडे यालाच ‘दम देणे’ म्हणतात. तिथे मोहरममध्ये रवा, तूप आणि सुकामेवा घालून दम के रोट भाजतात. जिंतूर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. मराठीतही नवसाच्या जाड भाकरीला रोट म्हणतात. तेव्हा आपल्या पदार्थाला ‘भोपळ्याचा रोट’ म्हणायला कोणाचीच हरकत नसावी.

आता साहित्य. सुमारे 200 मिलिलिटर मावतील अशी एक वाटी घ्या आणि सगळे तिनेच मोजा. लाल भोपळ्याचा कीस दोन वाट्या, बारीक रवा दोन वाट्या, चिरलेला गूळ सव्वा वाटी, तूप अर्धी वाटी, दही अर्धी वाटी आणि दूध साधारण अर्धी वाटी लागेल. शिवाय अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, पाच-सहा वेलदोड्यांची पूड आणि थोडे किसलेले जायफळ घ्या. यात अंडी नाहीत हे लक्षात ठेवा. शेजारी शाकाहारी असतील तर त्यांनाही तो देता येईल.

भोपळा घेताना देठाकडे पाहा. देठ वाळलेला असावा आणि सालीत नख सहज रुतू नये. असे फळ पिकलेले असते आणि त्यात गोडी असते. देठासकट अख्खा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी काही महिने टिकतो. फोड मात्र तीन-चार दिवसांत वापरावी. किसण्यापूर्वी एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. क्वचित एखादे फळ कडू निघते. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते विषारी असते आणि शिजवूनही जात नाही. गूळ वाढवून कडू चव झाकण्याचा प्रयत्न करू नका. तुकडा थुंका आणि भोपळा टाकून द्या. एका भोपळ्यासाठी सगळ्या पाहुण्यांना आजारी पाडण्यात शहाणपण नाही.

पहिली कृती रव्याची. चमचाभर तुपात रवा मंद आचेवर भाजा. खमंग वास आला की उतरवा. रंग बदलू देऊ नका, कारण तो पुढे पुन्हा भाजला जाणार आहे. मग उरलेल्या तुपातले दोन चमचे कढईत घालून भोपळ्याचा कीस परता. भोपळ्यात शंभरात नव्वद भाग पाणीच असते. ते पाणी आधी आटवले नाही तर रोट आतून चिकट राहतो. सहा-सात मिनिटांनी कीस मऊ होतो आणि कढईच्या कडा सोडू लागतो. त्यात गूळ व मीठ घाला, गूळ विरघळला की कढई खाली उतरवा आणि मिश्रण कोमट होऊ द्या.

येथे घाई करायची नाही. गरम गुळात दूध घातले तर ते फाटते. मिश्रण निवल्यावर त्यात रवा, दही, राहिलेले तूप, वेलदोडा आणि जायफळ घाला. नीट ढवळून अर्धा तास झाकून ठेवा. या अर्ध्या तासात रव्याचा प्रत्येक कण ओल पिऊन फुगतो. मिश्रण घट्ट होते. मग थोडे थोडे दूध घालून ते इडलीच्या पिठाइतके सरसरीत करा. सोडा अगदी शेवटी घाला. दह्यातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. त्याच्या बुडबुड्यांनी रोट फुगतो आणि जाळीदार होतो. सोडा आधीच घालून ठेवला तर वायू निघून जातो आणि रोट बसतो.

मिश्रण मुरत असतानाच भट्टीची तयारी करा. जाड बुडाचे एक मोठे जुने पातेले घ्या. त्यात दोन वाट्या जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा आणि त्यावर स्टीलची रिंग किंवा पालथी वाटी ठेवा. घट्ट झाकण लावून पातेले मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. काही घरांत यासाठी कुकर वापरतात. वापरायचाच असेल तर झाकणातली रबरी रिंग आणि शिट्टी काढून टाका. पाणी नसलेला कुकर रिंग आणि शिट्टी लावून कधीही तापवू नये. असा कुकर खराब होतो आणि अपघातही होऊ शकतो. माझ्या मते जुने पातेलेच बरे. तापलेल्या पातेल्यात डबा ठेवताना आणि काढताना घरातल्या मोठ्या माणसाला जवळ बोलवा. हे काम भाऊ-बहिणीच्या भरवशावर सोडायचे नाही.

आता तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओता. डबा दोन तृतीयांशच भरा, कारण रोट वर येतो. भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून सोललेल्या असतील तर त्यांचा गर वरून पेरा. बदाम-पिस्त्यांची उणीव भासणार नाही. डबा रिंगवर ठेवून झाकण लावा आणि आच मंद करा. चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. पहिली अर्धा तास झाकण उघडू नका. गार हवा आत गेली की फुगलेला रोट मध्ये दबतो. चाळीस मिनिटांनी सुरीचे टोक मधोमध खुपसून पाहा. ते कोरडे निघाले तर रोट झाला. ओले निघाले तर आणखी दहा मिनिटे थांबा. डबा काढल्यावर वीस मिनिटे निवू द्या आणि मगच वड्या कापा. गरम रोट कापला तर त्याचा भुगा होतो. मिठाचा थर गार करून बरणीत ठेवा. तो पुन्हा भाजण्यासाठी वापरता येतो, जेवणात मात्र घालू नका.

शाळेच्या भट्टीत किंवा ओळखीच्या बेकरीत भाजून मिळत असेल तर तापमान 180 अंश सेल्सिअस ठेवायला सांगा. पस्तीस-चाळीस मिनिटे पुरतात.

लाल भोपळ्याचा रंग नुसता शोभेचा नाही. हा रंग कॅरोटिनमुळे येतो आणि आपले शरीर कॅरोटिनपासून जीवनसत्त्व अ तयार करते. हे जीवनसत्त्व कमी पडले की संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. यालाच रातांधळेपणा म्हणतात. दुर्लक्ष झाले तर मूल कायमचे आंधळे होऊ शकते. म्हणूनच भारत सरकारने 1970 साली लहान मुलांना जीवनसत्त्व अ चे डोस देण्याची मोहीम सुरू केली. कॅरोटिन स्निग्ध पदार्थाबरोबर शरीरात चांगले शोषले जाते. आपल्या रोटातले तूप त्यासाठीही उपयोगी पडते. अर्थात रोज रोट खावा असा याचा अर्थ नाही. रोजच्या जेवणात भोपळ्याची साधी भाजी याहून चांगली. घरात कोणाला मधुमेह असेल तर गूळ घातला म्हणून रोट त्यांना चालेल असे समजू नका. गुळानेही रक्तातली साखर वाढते.

रोट शेजारी द्यायला नेताना दोन गोष्टी विचारून घ्या. नवरात्रात अनेक घरांत उपवास असतो. पुष्कळांना उपवासाला लाल भोपळा चालतो, पण रवा गव्हाचा असल्यामुळे चालत नाही. अशा घरी भोपळा दुधात शिजवून केलेली खीर न्यावी. ‘काकू, आज तुमचा उपवास आहे का?’ एवढे विचारले तरी पुरे. जिंतूरजवळ नेमगिरी हे जैनांचे प्रसिद्ध तीर्थस्थान आहे आणि गावात जैन कुटुंबेही आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. त्यांच्याकडे रोट दुपारीच पोचवा. रात्री दिलेली वडी सकाळपर्यंत तशीच ताटात राहील आणि तुम्हांला वाटेल, आवडली नाही.

उरलेला रोट झाकणाच्या डब्यात एक दिवस बाहेर आणि थंड पेटीत तीन-चार दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी त्याचा काप तव्यावर थेंबभर तुपात दोन्ही बाजूंनी परता. कडा कुरकुरीत होतात, आत तो मऊ राहतो आणि गुळाचा वास पुन्हा घरभर पसरतो. काही घरांत तर यासाठीच दोन वड्या लपवून ठेवतात.