साळीच्या पंगतीबाहेरचं धान्य

चिंचणीच्या ताम्रपटांनी मला कित्येक वर्षांपूर्वी नादाला लावलं आणि त्या नादातूनच मी वरई-नागलीपर्यंत पोचलो. १९५५ साली डहाणू तालुक्यातल्या या गावात ते सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचं वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केलं. त्यातलं शके ८४८चं, म्हणजे इ.स. ९२६चं दानपत्र राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातलं. मधुमती सुगतिप, म्हणजे महंमद नावाचा ताजिक (अरब) अधिकारी, संयान मंडळाचा कारभार पाहत होता. संयान म्हणजे आजचं संजाण. त्याने दोन नद्यांवर फुकट तरी ठेवल्या आणि संयानला अन्नसत्र घातलं. त्या सत्रात काय वाढत, तेही कोरलं आहे: साळीचा भात, कालवणं आणि तूप.

हजार वर्षांपूर्वीचं पान इतकं स्पष्ट डोळ्यांसमोर येतं, तेव्हा पानात काय नाही तेही दिसू लागतं. चिंचणीच्या पूर्वेला, महालक्ष्मीच्या सुळक्यापलीकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत. तिथल्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली (नाचणी), मग वरई, मग खुरासणी आणि पुढे काही वर्षं जमीन पड, असा वारली-कोकणा शेतकऱ्यांचा फेर. सत्राच्या पंगतीत या धान्याला जागा नव्हती. सरकारी कागदांत मात्र एकोणिसाव्या शतकात ते ठळकपणे येतं, आणि येतं ते एका भांडणामुळे.

भांडण राबाचं. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण, त्यावर तोडलेला टहाळ, मग पाला, गवत आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर. वारा समोरून येईल अशा बाजूने पेटवायचा, म्हणजे राब भडकत नाही, धुमसत राहतो. पाऊस लागला की त्या जागी बी फेकायचं. भाताचं तसंच नागलीचंही. वन खात्याला यात फक्त झाडांची नासाडी दिसली. निर्बंध आले, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष पसरला आणि सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यानंतरचं काम. १९१२ साली हॅरल्ड मॅन, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राबाने रोप जोमदार होतं ते निव्वळ राखेच्या खतामुळे नव्हे, माती तापण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, हे त्यांनी मांडलं. अडाणी ठरवलेल्या शेतकऱ्याची रीत प्रयोगशाळेत तपासून पाहण्याइतका आदर या तिघांकडे होता. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे अधिकारी अभ्यासक झाले.

आज जंगल विरळ झालं आहे, तेव्हा टहाळ तोडणं परवडणार नाही हे खरंच. गादीवाफे, शेणखत, उताराला आडवे बांध हे पर्याय आहेत. ते शिकवावेत, पण शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून नव्हे.

आता या धान्यांच्या आरोग्यगुणांचं. उत्तरेत नवरात्राच्या उपवासाला कुट्टूचं पीठ लागतं. कुट्टू, म्हणजे बकव्हीट, गवताच्या कुळातला नाही, आपल्या अंबट चुक्याच्या कुळातला. ग्लूटेन नाही, रुटिन भरपूर. पण त्याला थंड डोंगराळ हवा मानवते. एप्रिल २०१८मध्ये केंद्राने पौष्टिक तृणधान्यांची यादी काढली, तीत नाचणी आणि वरईबरोबर कुट्टू आणि राजगिराही आहेत. आपल्या उपवासाची भगर, म्हणजे वरई, मात्र इथल्याच डोंगरांत पिकते. कोल्हापूरच्या संशोधन केंद्राने वरईच्या एका वाणाला ‘फुले एकादशी’ असं नावच दिलं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, सडीक तांदळात जेमतेम साडेसात. वरईत प्रथिनं सुमारे १० ग्रॅम आणि तंतू साडेसात ग्रॅमच्या वर. लोहाबाबत मात्र सावध राहावं. जुन्या तक्त्यात वरईचं लोह ९.३ मिलिग्रॅम होतं, नव्यात ते १.२६ आहे, तरी जाहिरातींत जुनाच आकडा फिरतो. पंडुरोगावर वरई हा उपाय म्हणून विकणं मला गैर वाटतं.

आणि १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, ती याच नागलीच्या मुलखात. पीक गुणी असून भागत नाही, ते पिकवणाऱ्याच्या घरात उरावं लागतं. वरईचं टरफल चिवट, दाणा बारीक. उखळात सडताना बाईचा दिवस मोडतो. म्हणून ती कच्चीच व्यापाऱ्याकडे जाते, नाशिकच्या गिरण्यांत भरडून, घासून पांढरी होते आणि घासताना कोंड्यातले तंतूही जातात. भरडायची लहान यंत्रं आता मिळतात, बचत गटाला ती चालवता येतात. मोखाड्याची वरई मोखाड्यातच, कोंडा राखून भरडली, तर ती आधी तिथल्या अंगणवाडीत शिजेल आणि उरलेली आपल्या एकादशीला येईल.