कडक म्हणजे चांगलं नव्हे!

एका दिवाळीत माझा मामेभाऊ पुण्याहून गंगाखेडला गाडी घेऊन आला. गाडी छोटीच, पण टर्बो इंजिनची. ती स्पोर्ट्स कारसारखी पळावी म्हणून दादाने तिला आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. गाडी 30 मिलिमीटर खाली बसली. दिसायला एकदम झकास!

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण परभणीला निघालो. एका गावाजवळच्या गतिरोधकावर खालून 'खर्र' असा आवाज आला आणि थोड्याच वेळात ऑइलचा लाल दिवा लागला. चेंबर फुटलं होतं. दादाने लगेच इंजिन बंद केलं म्हणून ते वाचलं. पण त्याची स्पोर्ट्स कार ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आली!

मग आम्ही वही-पेन घेऊन बसलो. चूक कुठे झाली?

सस्पेन्शनची कामं दोन. आत बसणाऱ्याला धक्के कमी बसू देणं, म्हणजे राइड. आणि टायर सतत रस्त्याला टेकलेला ठेवणं, म्हणजे हँडलिंग. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बरचं नाव जरा फसवं आहे, कारण त्याचं खरं काम स्प्रिंगची उसळी थांबवणं. आतलं ऑइल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत जाते. स्प्रिंग कडक केली आणि शॉक ॲब्सॉर्बर जुनाच ठेवला, तर तो ती उसळी आवरू शकत नाही. खराब रस्त्यावर चाक उड्या मारतं. आणि हवेतल्या टायरला पकड शून्य!

दुसरा गैरसमज असा, की कडक स्प्रिंगमुळे वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो. सूत्र बघा: गाडीचं वजन, बाजूचा ओढा आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करायचा आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराने भागायचं. यात स्प्रिंगचा कडकपणा कुठे आहे? कुठेच नाही! गाडी कमी झुकते, एवढंच. गाडी खाली बसवल्याने फायदा होतो, पण किती? गुरुत्वमध्य 550 मिलिमीटरवर धरला तर 30 मिलिमीटरने जेमतेम साडेपाच टक्के.

आता गतिरोधकाचं गणित. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येचा असतो. उदाहरणाला आपल्याच महाराष्ट्रातली गाडी घेऊ. फियाटने 2015 मध्ये अबार्थ पुंतो आणली होती, पुण्याजवळ रांजणगावला बनलेली, 145 अश्वशक्तीची. तिचं ग्राउंड क्लिअरन्स 155 मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2510 मिलिमीटर. मानकातल्या रुंद गतिरोधकावर तिची पुढची-मागची चाकं एकाच वेळी चढलेली असताना मधला उंचवटा फक्त 46 मिलिमीटर वर येतो. खाली 109 उरतात. गाडी आरामात जाते.

पण आपल्याकडे अनेक ठिकाणी गतिरोधक म्हणजे अरुंद उभा बांध! तो पूर्ण दोन चाकांच्या मध्ये मावतो. तो 10 सेंटिमीटरच धरला तरी खाली उरतात 55. त्यातून 30 आपण स्वतः घालवले की राहिले 25. वर पाच माणसं! शिवाय आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. अशा रस्त्यावर चाकाला वर-खाली व्हायला जागा हवी. तीच आपण कापून टाकतो.

मग सुधारणा करायचीच असेल तर क्रम असा ठेवा:

1. टायर. आधी हवेचा दाब तपासा, मग चांगले टायर घ्या. रस्त्याला टेकतो तो फक्त टायर.
2. झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट बदला, अलाइनमेंट करा. अर्धी गाडी इथेच सुधारते.
3. चांगले शॉक ॲब्सॉर्बर, शक्यतो गॅसचे. नायट्रोजनच्या दाबामुळे ऑइलला फेस येत नाही.
4. अँटी-रोल बार. वळणावर झुकणं कमी करतो. दोन्ही चाकं एकदम उचलली तर मध्ये येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं तर मात्र धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो.
5. स्प्रिंग सगळ्यात शेवटी, आणि तिला जुळणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरसोबतच.

दादाने नेमकं पाचव्यापासून सुरू केलं होतं!

हॉस्टेलमधल्या बाइकवाल्यांनाही एक सांगतो. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरची खाच फिरवली की स्प्रिंग कडक होत नाही, फक्त बसलेली गाडी वर उचलली जाते. डबल सीट जाताना ती वाढवा, दोन्ही बाजूंना सारखीच.

दादाने मूळ स्प्रिंगा परत लावल्या आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर घेतले. पुढच्या खेपेला आम्ही पाच जण त्याच गतिरोधकावरून गेलो. सगळे श्वास रोखून बसलो होतो. खालून काहीच आवाज आला नाही. फोटो काढायला मात्र या वेळी गल्लीतलं कोणी आलं नाही!