जागा आधी, यंत्र नंतर

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावरच्या एका रविवारी माझ्या चुलत बहिणीचा मुलगा सकाळीच घरी आला. चहा होण्याआधीच त्याने मोबाईलमधील छायाचित्रे माझ्यापुढे धरली. भोसरीच्या एका गोदामात चार यंत्रे उभी होती. दोन काचेच्या दारांची, चिप्स, बिस्किटे आणि थंड पेये देणारी, दोन चहा-कॉफीची. एका कंपनीने कार्यालय बंद केले, तिचे सामान विकणाऱ्या दलालाकडे ती आली होती. मोठे यंत्र 70,000 रुपयांस, लहान 18,000 रुपयांस. चारही मिळून 1,76,000. “मामा, नव्याच्या चौथ्या हिश्श्यात मिळतंय. एकदा बसवलं की नोकर नको, उधारी नको. पैसे टाकल्याशिवाय माल बाहेरच येत नाही.”

बार्शीला त्यांचे तीन पिढ्यांचे किराणा दुकान आहे. उधारीने पोखरलेल्या अशा दुकानात वाढलेल्या मुलाला ‘उधारी नको’ हे दोन शब्द किती गोड लागत असतील, हे मी समजू शकत होतो. अडचण एवढीच होती की पैसे त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतून यायचे होते. मेहुण्यांनी अट घातली होती, “मामांनी हो म्हटले तर ठेव मोडू.” बँकेत चौतीस वर्षे काढल्यावर परक्याचा कर्जप्रस्ताव नाकारणे सोपे वाटते, घरातला प्रस्ताव तपासणे फार कठीण.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो यंत्राविषयी नव्हता. “ही यंत्रे विकायला का निघाली?” तो म्हणाला, कार्यालय बंद झाले म्हणून. म्हणजे ज्या जागेमुळे यंत्राला गिऱ्हाईक मिळत होते, ती जागा गेली. 2020 च्या टाळेबंदीनंतर अनेक कार्यालये घरून चालू लागली आणि त्यांच्या उपाहारगृहांतली यंत्रे अशीच बाजारात आली. यंत्र विकायला निघते तेव्हा त्याची जागा त्याच्याबरोबर येत नाही. आपल्या व्यापारी घरांत दुकानाचे मोल त्याच्या नाक्यावरून करतात, फळ्यांवरून आणि तराजूवरून नव्हे. येथेही तोच न्याय आहे, पण चकचकीत काच पाहून माणूस तो विसरतो. भाच्याकडे यंत्रे चार होती, जागा एकही नव्हती.

मग कागद घेऊन बसलो. काचेच्या दाराच्या यंत्रातून दिवसाला साठ वस्तू गेल्या आणि प्रत्येकीची सरासरी किंमत 20 रुपये धरली, तर रोजची विक्री 1,200 आणि पंचवीस दिवसांची 30,000 रुपये. आकडा पाहून त्याचे डोळे चमकले. पण वेष्टनबंद मालावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही; वैधमापनशास्त्राचे 2011 चे नियम तसेच सांगतात. अमेरिकेत यंत्राचा मालक आपल्या यंत्रातली किंमत स्वतः ठरवतो, म्हणून तिकडचे चलचित्र पाहून इकडचे गणित मांडू नये. आपल्याकडे यंत्रवाल्याला किरकोळ दुकानदाराएवढेच मार्जिन मिळते. ते 12 टक्के धरले तर हाती 3,600 रुपये राहतात. त्यातून विजेचे बिल भरायचे. थंड ठेवणारे यंत्र रविवारीही चालते. दिवसाला सहा युनिट आणि व्यापारी दर 12 रुपये धरला तर महिन्याचे 2,160 रुपये होतात. उरले 1,440. यात जागामालकाचा वाटा नाही, माल भरायला जाण्याचे पेट्रोल नाही, मुदत संपलेला माल नाही. हे सगळे शून्य मानले तरी 70,000 रुपयांचे मुद्दल सुटायला चार वर्षे लागतात, आणि यंत्र तर आधीच म्हातारे.

चहा-कॉफीचे गणित निराळे आहे, कारण कपावर छापील किंमत नसते. तयार मिश्रण, साखर आणि कागदी कप मिळून सहा रुपये खर्च आणि दहा रुपये विक्री धरली, तर कपामागे चार रुपये सुटतात. महिन्याला 2,500 कप गेले तर 10,000 रुपये. वीज, पाणी, जागेचा वाटा आणि साफसफाईचे 4,000 वजा केले तरी 6,000 राहतात. आकडे मी ‘समजा’ म्हणून धरले. वाचकांनी आपल्या गावचे धरावेत. पण दोन यंत्रांतला फरक आकडे बदलूनही फारसा बदलत नाही.

माझ्या पिढीला रेल्वे फलाटावरचे वजनाचे यंत्र आठवत असेल. नाणे टाकले की दिवे लुकलुकत आणि जाड पुठ्ठ्याचे तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. त्या यंत्राचा मालक मला आता फार हुशार वाटतो. त्याच्या मालाला ना शीतकपाट लागे, ना त्याची मुदत संपे!

दुसऱ्या रविवारी आम्ही भोसरीला गेलो. जुने यंत्र पाहायला जाताना विक्रेत्याला आधी सांगून ठेवावे की यंत्र बंद आणि थंड असू द्या. आधीच चालू करून ठेवलेल्या यंत्राने तासाभरात किती गारवा धरला हे कळत नाही, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना कसा आवाज करतो हेही कळत नाही. काचेच्या यंत्रात माल पुढे ढकलणारी तारेची मळसूत्रे असतात. त्यांच्या वेढ्यांमधले अंतर ज्या पाकिटासाठी केलेले असते त्याच मापाची पाकिटे नीट पडतात. आपल्याकडची पाच-दहा रुपयांची छोटी पाकिटे मोठ्या अंतरात आडवी होऊन अडकतात. अडकलेले पाकीट म्हणजे पैसे घेऊन माल न देणारा दुकानदार, आणि त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. आम्ही बरोबर नेलेली पाकिटे घालून पाहिली. सतरापैकी पाच मळसूत्रांनी दगा दिला.

नोटा घेणाऱ्या भागाची गंमत त्याहून मोठी. 2017 ते 2019 या काळात 10, 20, 50 आणि 100 रुपयांच्या नव्या रंगाच्या नोटा आल्या, 200 ची नोट तर प्रथमच आली. त्याआधीच्या यंत्राला या नोटा शिकवाव्या लागतात; तसे न केलेले यंत्र नवी नोट बाहेर ढकलते. दलाल म्हणाला, आता सगळे यूपीआयच वापरतात. खरे आहे, पण मोबाईलवरून पैसे घेणारे उपकरण जुन्या यंत्राच्या नियंत्रक पाटीशी बोलू शकले पाहिजे. ती पाटी किती जुनी आहे आणि तिचे सुटे भाग पुण्यात कोण देतो, या दोन्ही प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नव्हते. चारांपैकी दोन यंत्रे माझ्या मनातून तेथेच उतरली.

चहाच्या यंत्रात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पाणी तापवणारी टाकी. बोअरचे जड पाणी वापरले असेल तर आत क्षाराचा थर बसतो, कॉइल लवकर जळते आणि वीज जास्त खाते. दुसरी, मागची झाकणे उघडून पाहावे. ऊब, दूधपावडर आणि साखर एकत्र असलेली जागा झुरळांना आणि मुंग्यांना घरासारखी वाटते. आपल्या घरांतून रोज संध्याकाळी स्वयंपाकघर जसे आवरतात, तसे मिश्रणाचे भाग रोज काढून धुतले, तर पुढे औषध फवारण्याची वेळच येत नाही. ज्याच्याने हे रोज होणार नसेल त्याने या धंद्यात पडू नये.

एका यंत्राच्या पाठीवर अर्धवट खरवडलेली पट्टी दिसली. बोटाने पुसल्यावर वाचता आले: यंत्र मिश्रण पुरवणाऱ्या एका कंपनीच्या मालकीचे होते. अशा कंपन्या दर महिन्याला ठरावीक माल घेण्याच्या बोलीवर यंत्र वापरायला देतात. ते विकण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नसतो. मालविक्री कायदा 1930 मधला हा मूळ नियम आहे. विकणाऱ्याकडे मालकी नसेल तर घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. दलाल म्हणाला, “ते जुनं आहे साहेब, कोण विचारतं?” नोकरीत असताना अशाच एका जुन्या यंत्रासाठी मी कर्ज मंजूर केले होते. सहा महिन्यांनी कळले की ते दुसऱ्या एका बँकेकडे आधीच नजरगहाण होते. त्या कर्जदाराचा चेहरा मला अजून आठवतो. फसवणूक त्याने केली नव्हती, त्याची झाली होती. आणि कागद नीट न पाहणारा मी होतो. आता सरसाई या मध्यवर्ती नोंदणीत अल्प शुल्कात शोध घेता येतो, आणि विकणारी कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडे तिच्यावरील बोजा दिसतो. यंत्राचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, आणि मूळ खरेदीचे बिल मागावे. ते ‘सापडत नाही’ असे उत्तर आले तर आपणही सापडू नये.

रोखीत थोडे स्वस्त देतो, असेही दलालाने सुचवले. हा मोह आपल्याकडे जुना आहे. मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांवर रोख दिली, तर ती रक्कम प्राप्तिकराच्या हिशेबात किमतीत धरत नाहीत आणि तिच्यावर घसारा मिळत नाही. बिल नसेल तर जीएसटीचा परतावाही नाही. सवलत जितकी, त्याहून जास्त हातातून जाते.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. भाचा पिंपरीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी त्याला म्हटले, “महिनाभर यंत्र विसर. ज्या दारात रोज शंभर माणसे चहाला बाहेर पडतात असे एक दार शोध, आणि तिथल्या मालकाकडून वर्षाचा लेखी करार आण. वीज कोण भरणार, पाणी कोण देणार, तुझ्याशिवाय दुसऱ्याचे यंत्र तो बसवणार नाही ना, हे त्यात असू दे.”

त्याला पाच आठवडे लागले. चाकणकडे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात जागा मिळाली; दोन पाळ्या आणि जवळच्या टपरीला जायला दहा मिनिटे, म्हणून मालकालाही सोय हवी होती. मग तो पुन्हा भोसरीला गेला आणि पट्टी नसलेले चहाचे यंत्र मूळ बिलासह 16,500 रुपयांना घेऊन आला. टाकी साफ करून घेतली, कॉइल बदलली, कुलूप नवे बसवले, कारण जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते कोणालाच ठाऊक नसते. अन्न सुरक्षा नोंदणी काढली आणि तिचा क्रमांक दर्शनी भागावर लावला. पैसे त्याने पगारातून साठवलेले घातले. ठेव तशीच आहे.

पहिल्या महिन्यात 1,140 कप गेले. मी धरलेल्या आकड्याच्या निम्मेही नाहीत. तिसऱ्या महिन्यात 1,900. रात्रपाळीला साखर कमी लागते हे त्याला आता कळले आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला तो मला हिशेब पाठवतो; गेल्या वेळच्या कागदावर सर्वांत खाली लिहिले होते: ‘पाण्याचे जार 11, गाळणी नवी, मळसूत्रवाले यंत्र अजून गोदामातच आहे, आता 55,000 सांगतो.’ त्यापुढे प्रश्नचिन्ह होते. मी फोन करून एवढेच विचारले, “जागा कोणती?”