नाव खरवडलेले खेळ

नव्वदच्या दशकात यवतमाळ, पुसद किंवा वणीत मारिओ खेळलेल्या पोराला हा गेम कोणी बनवला असं विचारलं असतं, तर तो गोंधळला असता. मारिओ त्याला पाठ होता. कोणत्या विटेवर डोकं आपटलं की नाणी पडतात, कोणत्या नळकांड्यातून खाली उतरता येतं, सगळं पाठ. पण कंपनीचं नाव त्याने पडद्यावर क्वचितच पाहिलेलं असे. मूळ गेम सुरू होताना पाटीखाली १९८५ साल आणि निन्टेंडो हे नाव दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच कॅसेटींत ती ओळ पुसलेली असायची. रणगाड्यांचा तो ‘टँक’, म्हणजे ‘बॅटल सिटी’, नॅमको कंपनीचा. त्याच्या पहिल्या पडद्याच्या तळाशी लाल अक्षरांतलं नाव असतं, तेही असंच गायब. चोराने माल नेला आणि खूण खरवडली, इतकी साधी गोष्ट. गंमत ही की त्या खुणेचंच कुलूप बनवण्याचा खटाटोप निन्टेंडोने जेवढा केला, तेवढा क्वचितच कोणी केला असेल.

निन्टेंडो मूळची पत्ते बनवणारी. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये क्योटोत हानाफुदा, म्हणजे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते, हाताने बनवून विकायला सुरुवात केली. वर्तुळात ‘फुकु’ हे मंगल अक्षर, ही त्या दुकानाची खूण. हानाफुदाच्या एका प्रसिद्ध जोडाच्या वेष्टनावर चक्क नेपोलियन असे आणि त्या जोडाचं नाव ‘राष्ट्राध्यक्ष’! सम्राटाला राष्ट्राध्यक्ष करून टाकणारा तो छापखाना मला फार आवडतो.

१९४९ मध्ये संस्थापकाचे पणतू हिरोशी यामाउची गादीवर आले. पत्त्यांचा धंदा बसू लागला तशी त्यांनी खेळण्यांत उडी घेतली. १९६६ साली गुनपेई योकोई या तरुण तंत्रज्ञाने करमणूक म्हणून बनवलेला लांब होणारा पंजा, ‘अल्ट्रा हँड’, दहा लाखांहून जास्त खपला. या खेळण्यांच्या खोक्यांवर कंपनीचं नाव वेगवेगळ्या घाटांत छापलेलं सापडतं. एकच एक रूप ठरलेलं नव्हतं. लंबगोल चौकटीतलं आजचं नाव रुळलं ते व्हिडिओ गेमच्या काळात. पुढे २००६ च्या सुमारास ते करडं झालं आणि २०१६ पासून पुन्हा लाल.

रंगांचा हा इतिहास इथेच सोडतो, कारण खरी मजा कुलपात आहे.

१५ जुलै १९८३ ला जपानात फॅमिकॉम हे यंत्र आलं. त्यात कॅसेट असली की नकली, हे तपासणारं काहीच नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेत सुमार गेमांचा सुळसुळाट होऊन तिथला बाजार कोसळला. म्हणून १९८५ मध्ये तेच यंत्र अमेरिकेत नेताना निन्टेंडोने त्यात पहारेकरी चिप बसवली आणि खोक्यावर दर्जाचा सोनेरी शिक्का मारला. १९८६ मध्ये जपानात फॅमिकॉमला डिस्कची जोड मिळाली, तेव्हा तर नावालाच कामाला लावलं. डिस्कच्या कडेला कंपनीचं नाव खोल कोरलेलं आणि यंत्राच्या आत त्याला जुळणारा उठाव. अक्षरं एकमेकांत बसली तरच डिस्क आत बसणार. नकलाकारांनी एखाददुसरं अक्षर बदललं किंवा गाळलं. डिस्क तरीही बसली, आणि नाव आमचं नाहीच, असं म्हणायला ते मोकळे.

१९८९ चा गेमबॉय त्याहून बेरकी. सुरू करताच पडद्यावर वरून खाली सरकत येणारं कंपनीचं नाव यंत्रातल्या प्रतीतून नव्हे, कॅसेटमधून येतं. यंत्र कॅसेटमधली ती ४८ बाइट्स आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहतं. एक जरी चुकली तरी गेम सुरू होत नाही. म्हणजे गेम चालवायचा तर नाव चोरायलाच हवं, आणि नाव चोरलं की ट्रेडमार्कचा खटला. काही बहाद्दरांनी त्यातही फट शोधली. यंत्र नाव दोनदा वाचतं, एकदा दाखवायला आणि एकदा तपासायला. पहिल्या वेळी स्वतःचं नाव पुढे करायचं, दुसऱ्या वेळी निन्टेंडोचं! सेगा कंपनीने नाव तपासण्याच्या अशाच युक्तीच्या जोरावर अकोलेड या कंपनीला कोर्टात खेचलं, पण १९९२ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने कौल अकोलेडच्या बाजूने दिला.

विदर्भात आलं ते बिनकुलपाचं फॅमिकॉम, तेही नकलेच्या रूपाने. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी अख्खं यंत्र एका चिपमध्ये कोंबलं. उघडून पाहिलं तर पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका, बाकी डबा रिकामाच. रशियात हीच नक्कल ‘डेंडी’ नावाने विकली गेली आणि तिला स्वतःचा हत्तीही मिळाला, तोही नामवंत अॅनिमेटर इव्हान मॅक्सिमोव्हने काढलेला. भारतात अधिकृत दारही एकदा किलकिलं झालं होतं. तयार इलेक्ट्रॉनिक माल आणायला बंदी, म्हणून सुटे भाग मागवून परवान्याखाली इथेच जुळणी झाली. पण ते यंत्र विकलं गेलं ‘सामुराई’ या नावाने! म्हणजे राजमार्गाने आला तरी पाहुणा दुसऱ्याच्या नावाने आला.

आमच्याकडे मात्र चाललं ते ‘नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव इन वन’. त्यातले खरे गेम मोजकेच. बाकी तोच मारिओ कधी तिसऱ्या पातळीपासून, कधी वेगळ्या रंगात. कॅसेट अडकली की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची.

यवतमाळ जिल्ह्याला जपान तसा परका नव्हता. वऱ्हाडचा कापूस बाजारात ‘ऊमरा’ म्हणून विकला जायचा. हे उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचं, लघुरूप. १८९३ मध्ये टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी बोट कंपनीच्या साथीने मुंबई ते कोबे अशी बोटींची वाट उघडली, ती मुख्यतः कापसासाठी. कोबेहून क्योटो काही लांब नाही. तेव्हाही इथल्या गावांची नावं गाठींसोबत पोचली नाहीत, पोचला तो ऊमरा.

फॅमिकॉमवरची पेटंटं या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत संपली. डबा बनवायला आता आडकाठी नाही. गेमांवरचा हक्क मात्र शाबूत आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोने स्वतःच जुन्या यंत्राची चिमुकली प्रतिकृती बाजारात आणली, आत भरलेल्या गेमांसह. मारिओच्या पाटीखाली साल आणि नाव, सगळं जागच्या जागी. गेम एकूण ३०. आणि कॅसेटची झडप फक्त दिसण्यापुरती, ती उघडतच नाही. फुंकर मारायची सोयच ठेवलेली नाही.