जबड्याची शस्त्रक्रिया आणि मातृत्व : कालनिर्णय

जबड्याची ठेवण सुधारण्याची शस्त्रक्रिया ही एका दिवसाची बाब नव्हे. तत्पूर्वी साधारणतः १२ ते १८ महिने व नंतर सुमारे ६ ते १२ महिने दातांना तारा असतात. म्हणून अपत्यप्राप्तीचा विचार तारा बसविण्यापूर्वीच व्हावयास हवा.

ही शस्त्रक्रिया तातडीची नसल्याने गर्भावस्थेत टाळली जाते. पूर्ण भूल, औषधे आणि त्यानंतर काही आठवड्यांचा द्रव व मृदू आहार गर्भपोषणास अनुकूल नाही. तारा असताना गर्भ राहिल्यास त्या काढाव्याच लागतात असे नाही; मात्र या काळात हिरड्या सहज सुजतात व त्यांतून रक्त येते, म्हणून मुखशुद्धी काटेकोर हवी.

स्तन्यपानकाळात मातेच्या अस्थींतील खनिजांश तात्पुरता घटतो व स्तनपान सुटल्यावर बहुतांशी भरून येतो. घाई नसल्यास तोवर थांबणे श्रेयस्कर. शस्त्रक्रिया करावीच लागल्यास माता पूर्ण शुद्धीवर आल्यावर सामान्यतः बाळास अंगावर पाजता येते. कोडीन व ट्रामाडोल मात्र टाळावीत.

औषधविक्रेत्यांनी गर्भिणीस आयबुप्रोफेन परस्पर देऊ नये. लसणाच्या गोळ्यांसारखे कल्प रक्तस्राव वाढवू शकतात. ते शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे बंद ठेवून चालू असलेली सर्व औषधे भूलतज्ज्ञास लेखी कळवावीत.

दंतवैद्याकडे बोलण्यास संकोचणारी रुग्णा कुटुंबाच्या वैद्यापाशी मोकळी होते. तेव्हा ‘अपत्याचा विचार कधी?’ हा प्रश्न आपणच वेळीच विचारावा.