गवा मारका? आधी गर्दीकडे पाहा

बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर लोकांना खोळंबून ठेवणारी गाडी पुढे खानापूर, लोंढा करत कॅसल रॉककडे निघते आणि गव्यांच्या रानात शिरते. जांबोटी, कणकुंबी, भीमगड हा बेळगाव जिल्ह्याचा पश्चिमेचा पट्टा धो धो पावसाचा, दाट झाडीचा आणि जगातल्या सर्वांत मोठ्या रानगुरांचा आहे. त्यातलं सुमारे 190 चौरस किलोमीटर जंगल 2011 साली भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झालं. शेजारच्या गोव्याने तर गव्याला राज्यप्राण्याचा मान दिला. तरी शहरात गव्याचा विषय निघाला की माहितीपेक्षा धास्तीच जास्त ऐकू येते. दिसला की अंगावर येतो, लाल कपडा पाहून पिसाळतो, एकटा असेल तर हमखास मारका.

ही धास्ती त्याच्या आकारातून आलेली आहे. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन हजार किलोच्या घरात जातं आणि खांद्यापाशीच तो माणसाएवढा उंच भरतो. काळाकुळकुळीत रंग, मानेमागून पाठीवर उठलेला स्नायूंचा उंचवटा, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. खाणं मात्र गवत, पाला, बांबूचे कोंब आणि झाडाची साल. माद्या आणि वासरांचा कळप बहुधा एखाद्या जाणत्या गाईच्या मागे चालतो. माणसाचा वास आला की नाकातून शिट्टीसारखा फुत्कार निघतो आणि पाहता पाहता सगळा कळप झाडीत गडप होतो. लाल रंगाचं म्हणाल, तर गुरांच्या डोळ्यांना लाल रंग वेगळा ओळखताच येत नाही. त्यांना बुजवते ती हालचाल.

दोन नर समोरासमोर आले तरी लगेच शिंगं भिडत नाहीत. प्रत्येक जण आडवा उभा राहून आपली पूर्ण कूस दाखवतो, मान ताठ ठेवून संथ पावलं टाकतो. बहुतेक वेळा लहान नर तेवढ्यावरच काढता पाय घेतो. आफ्रिकेच्या विरुंगा डोंगरांतला पर्वतीय गोरिला छाती बडवतो, त्यामागचा हिशोब हाच: ताकद दाखवायची म्हणजे वापरावी लागत नाही. 1933 सालच्या ‘किंग काँग’ चित्रपटाने गोरिलाला राक्षस करून टाकलं होतं. 1967 मध्ये गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी रवांडातल्या जंगलात तळ ठोकून बसल्या आणि पिलांना अंगाखांद्यावर खेळवणारा, पानं-देठ चघळणारा कुटुंबवत्सल प्राणी जगाला हळूहळू कळला. गव्याला अशी फॉसी लाभली नाही.

एकट्या गव्याबद्दलची समजूत तर फारच घट्ट आहे. कळपाने हाकलून दिलेला, म्हणून चिडलेला, असं सांगितलं जातं. वास्तविक प्रौढ नरांनी वर्षातला बराच काळ एकट्याने किंवा दोघा-तिघांनी फिरणं ही गव्यांची रीतच आहे. वीण जवळ आली की ते कळपात मिसळतात. रानाबाहेर, उसाच्या फडात, शहराच्या वेशीवर सापडतो तो पुष्कळदा असा हिंडता नर. तो सूड घ्यायला आलेला नसतो, वाट शोधत असतो.

मग गव्यामुळे माणसं दगावतात ती कशी? यासाठी पुण्यातल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. 9 डिसेंबर 2020 रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा शिरला. मोबाइल उंचावलेली गर्दी त्याच्या मागे धावत सुटली. गवा गल्ल्यांतून पळाला, धडकला, रक्तबंबाळ झाला. अखेर त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन जेरबंद केलं, पण काही तासांतच तो मेला. अशी जीवघेणी धावपळ झाली की रानजनावराच्या शरीराचं तापमान भडकतं, स्नायू झिजू लागतात, रक्तात आम्ल साचतं आणि हृदय बंद पडतं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बावधन भागात दुसरा गवा आला. या वेळी पोलिसांनी बघ्यांना लांब ठेवलं, वनविभागाने घाई केली नाही, वाट मोकळी ठेवली आणि गवा चालत डोंगराकडे परत गेला. दोन्ही प्रसंगांत जनावर एकाच जातीचं होतं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2021 मध्ये, कोल्हापूर शहराच्या आसपास फिरणाऱ्या गव्याच्या हल्ल्यात भुयेवाडीजवळ एका तरुणाचा जीव गेला. कोंडलेला गवा ठार मारू शकतो, यात शंका नाही. म्हणूनच हाकाटी करणं, दगड मारणं, कुत्री सोडणं हा शहाणपणा नव्हे. घरात थांबावं, दुचाकी थांबवून मागे वळवावी आणि वनखात्याला कळवावं. 1926 हा वनखात्याचा मदत क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही एकच आहे. दोन राज्यांचं इतकं एकमत सीमाभागात सहसा पाहायला मिळत नाही!

‘इंडियन बायसन’ हे शिकारी साहेबांनी रूढ केलेलं नाव आणि ‘गवारेडा’ हे आपलं, दोन्ही नावं फसवी आहेत. गवा हा अमेरिकेतला बायसन नव्हे आणि म्हैसही नव्हे, तो गाय-बैलांच्या जवळचा आहे. (खरी रानम्हैस महाराष्ट्रात पाहायची तर गडचिरोलीतलं कोलामार्का गाठावं लागतं.) ही नुसती शास्त्रीय काथ्याकूट नाही. गाई-गुरांचे रोग गव्याला सहज लागतात. 1968 साली बुळकांडीच्या साथीने बंडीपूर-मुदुमलईच्या जंगलांत गव्यांचे कळपच्या कळप आडवे केले होते. 2011 मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं, त्यामागे गावोगावच्या गुरांना टोचलेल्या लसींचा मोठा वाटा आहे. लाळ्या-खुरकूत मात्र अजून आहेच. देवीच्या लसीसाठी टिळकवाडीत उभ्या राहिलेल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात फिरायला जाणाऱ्यांना लसीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण रानाकाठच्या गोठ्यातल्या जनावराला वेळेवर टोचलेली लस गव्याचाही जीव वाचवते, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. गोरिलांच्या बाबतीत हाच धोका माणसापासून असतो. आपली साधी सर्दी त्यांच्या फुप्फुसांना झेपत नाही, म्हणून पर्यटकांना काही मीटर अंतर राखायला लावतात आणि जखमी गोरिलावर उपचार करायला पशुवैद्य थेट जंगलात जातात.

“गवे भरमसाट वाढलेत, मग संरक्षण कशाला?” हा प्रश्न आजरा, चंदगड, खानापूरच्या शेतकऱ्याने विचारला तर त्याला हसून चालणार नाही. एका रात्रीत भाताचं, उसाचं जे नुकसान होतं ते त्याचं असतं, आणि भरपाईच्या कागदांसाठी हेलपाटेही त्यालाच पडतात. पण शिवारात गवे दिसू लागले म्हणजे रानात ते मावेनासे झाले, असं गणित नाही. रानातल्या गवताळ जागांवर रानमोडी आणि घाणेरी ही तणं माजली की चारा उरत नाही, आणि कडेला गोड ऊस उभा असतो. दाजीपूरला 1958 साली महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य गव्यांसाठीच झालं, ते आज राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखलं जातं. तिथपासून तिलारी, भीमगड, काळी असा रानांचा पट्टा सलग राहिला तरच गवे आणि त्यांच्यावर जगणारे वाघ टिकतील. हा पट्टा रस्ते आणि रूळ तोडत जातात. कॅसल रॉक ते कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली, ती याच चिंतेतून. जागतिक यादीत गवा ‘असुरक्षित’ गटात आहे आणि भारतीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत.

संरक्षण म्हणजे माणसांना हाकलणं, ही समजूत दोन्ही बाजूंनी पसरलेली आहे. विरुंगात 1980 च्या दशकात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. 2019 मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडी मिळून 1,063 झाले. गस्त, पशुवैद्य आणि पर्यटनाच्या पैशातला गावांना मिळणारा वाटा यांतून हे साधलं. पण त्याच ब्विंडीतून 1991 मध्ये बाट्वा आदिवासींना बाहेर काढलं गेलं, आणि त्यांची परवड अजून संपलेली नाही. भीमगडातल्या तळेवाडीच्या कुटुंबांचं स्थलांतर 2025 मध्ये सुरू झालं, तेही मोबदला घेऊन, स्वखुशीने होणारं म्हणून. ते खरंच तसं होतं का, हे मोबदल्याच्या धनादेशावरून ठरत नाही. बाहेर पडलेल्यांना जमीन, शाळा आणि काम मिळालं का, हे पुढच्या काही वर्षांत पाहावं लागेल.

जे रानाकाठीच राहणार आहेत त्यांच्यासाठी एक उपाय हाताशी आहे. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, तो गव्याला मागे फिरवतो, मारत नाही. विजेच्या खांबावरून थेट तारेत सोडलेला प्रवाह मात्र गवा आणि पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारी यांच्यात फरक करत नाही, आणि गवा मेला तर तो कायद्याने शिकारीचा गुन्हा ठरतो.